लागला का?

“लागला का गं कुणाचा झाडू?” पलीकडच्या संघाची कप्तान बर्फाच्या त्या टोकाहून ओरडली.

“नाही,” रॉक्सी म्हणाली. धापा टाकत, गुडघ्यांवर हात टेकून, पण एका शब्दात.

“मग जिंकलात तुम्ही,” म्हणून ती कप्तान हसली आणि तिच्यापुरता विषय संपला. जिचा सामना गेला तिचा विश्वास बसला. जी जिंकली, त्या डार्सी पॅलुकच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

डार्सी तेव्हा अठरा वर्षांची, कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या ड्रोझडा गावच्या कर्लिंग क्लबातली, म्हणजे बर्फावरून दगड सरकवत नेमक्या जागी बसवायच्या खेळातली, सगळ्यात तरबेज पोरगी. जिल्ह्याच्या त्या अंतिम सामन्यातला शेवटचा दगड तिनंच सोडला होता, आणि हातातून सुटताक्षणी तिला कळलं होतं की जोर जास्त झाला. वीस किलोचा तो दगड पलीकडची रंगीत वर्तुळं ओलांडून बाहेर जायला हवा होता. बर्फ झाडला की दगड आणखी लांब जातो, म्हणून तिच्या संघातल्या रॉक्सी आणि टीना त्याच्यापुढं झाडू नुसते धरून पळत होत्या. अर्ध्या वाटेवर दगड दचकल्यासारखा झाला, आत वळला, मंदावला आणि थेट मधल्या टिंबावर जाऊन बसला. त्या वेळी रॉक्सीचा झाडू त्याला अगदी खेटून होता.

चालत्या दगडाला झाडू लागला की दगड बाद, आणि ते सांगायचं ज्याचा लागला त्यानंच. ड्रोझड्याची माणसं मारलेल्या हरणाची शिंगं हातभर वाढवून सांगतील, पण बर्फावर खोटं बोलणार नाहीत, अशी त्यांची ख्याती. रॉक्सी वॉझनी तर डार्सीची सहाव्या वर्षापासूनची मैत्रीण. दोघींनी एकाच हिवाळ्यात, एकाच बर्फावर आपटून पुढचे दात पाडले होते.

गाडीतून घरी जाताना डार्सीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “रॉक्सी, खरंच नाही ना लागला?”

“सांगितलं ना, नाही.”

“नाही, म्हणजे… चुकून, तुझ्याही लक्षात न येता?”

“माझ्या हातातला झाडू, आणि मला कळणार नाही?” रॉक्सीनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

झालं! राग आला म्हणजे पाणी मुरतंय, असं डार्सीनं ठरवून टाकलं. हसली असती तर लपवतेय म्हणाली असती. संशयाला काय, कुठलंही खत चालतं. तीन आठवड्यांनी प्रांताच्या स्पर्धेत त्या उपांत्य फेरीत हरल्या, तेव्हा हिला वाटलं, पापाचं माप भरलं. एप्रिलमध्ये तिनं रॉक्सीला फोन केला.

“आम्ही जरा वेगळा संघ करून बघतोय गं, पुढच्या हंगामात.”

“त्या दगडामुळं?”

“छे, तसं काही नाही.”

“हे मात्र खोटं बोललीस,” रॉक्सी म्हणाली आणि फोन ठेवला.

रॉक्सीच्या जागी ब्रिजेट आली, मनगटानं दणकट, तोंडानं फटकळ. डार्सीला वाटलं होतं, आता मन निवांत होईल. पण कावीळ डोळ्यांत असली की दिवे बदलून काय उपयोग? दगड सोडला की तिची नजर दगडाच्या वाटेवर जाण्याऐवजी दोन्ही झाडूंवर जायची. कुठं दगड वळला की हिचा प्रश्न तयार. दोन हंगामांत तिचा अंदाज बिघडला, प्रांताच्या यादीतून नाव उतरलं आणि ब्रिजेटनं भर क्लबात तिला सुनावलं, “मी इथं झाडायला आले होते, झडती द्यायला नाही!” मग टीनाही गेली. बाविसाव्या वर्षी डार्सीजवळ खेळ होता, खेळायला कुणी नव्हतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी ती क्लबातलं आपलं कपाट रिकामं करायला गेली. बर्फ राखणारे ओरेस्टआजोबा बर्फावर शिंपायच्या पाण्याच्या हौदाशी बसून चहा पीत होते.

“सोडतेस?” त्यांनी विचारलं.

“सोडते.”

“वाईट वाटतं. दगड तुला ओळखायचे. एकदा तर केसावरून गेलेला दगडही टिंबावर बसवलास.”

“कुठला केस?”

“अगं, तो जिल्ह्याचा अंतिम सामना. नंतर मी बर्फ तासायला उतरलो, तर तुम्ही खेळलात त्या पट्टीच्या मधोमध झाडूचा एक केस चिकटलेला. दगडाच्या मार्गावर, अगदी मध्ये. त्यावरनं गेला की दगड असाच दचकतो. मेलेल्या उंदराएवढा मान दिला मी त्याला, तासून फेकून दिला.”

डार्सीच्या हातातले बूट खाली पडले. “आजोबा, चार वर्षं झाली! बोलला का नाहीत?”

“मला कुणी विचारलं? मला काय ठाऊक, तुम्ही पोरी केसावरून गळे कापताय म्हणून!”

काचेपलीकडं बायकांचे मंगळवारचे सामने चालले होते. रॉक्सी तिच्या सासूच्या संघातून खेळायची. खेळ आटोपून ती वर आली, तेव्हा डार्सी जिन्याशीच उभी होती. तिनं धडाधड सगळं सांगितलं: केस, ओरेस्टआजोबा, तासलेला बर्फ. सांगता सांगता रडायला लागली.

“माझं चुकलं, रॉक्सी. आता मला पक्कं कळलं, तुझा झाडू लागलाच नव्हता.”

रॉक्सीनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, “हे मी तुला त्याच दिवशी सांगितलं होतं. दोनदा.”

“हो, पण…”

“मी सांगितलं ते पुरलं नाही. आजोबांच्या केसावर मात्र बसला विश्वास. मग आज तरी तू माझं कुठं ऐकलंस?”

आतून रॉक्सीची सासू हाका मारत होती, “ए पोरी, ताटातल्या पिरोगी गार होतायत!”

या खेळात जिंकण्याची आशा संपली की उरलेले दगड टाकत बसत नाहीत. हरणाऱ्यानं हातमोजा काढून आपणच हात पुढं करायचा. डार्सीनं उजव्या हाताचा मोजा काढला.

रॉक्सीनं तो हात हातात घेतला, नीट दाबला. “छान खेळलीस,” ती म्हणाली, कुठल्याही परक्या संघातल्या मुलीला म्हणतात तसं, आणि सासूच्या टेबलाकडं निघून गेली.