पलंगाच्या पायाखालची वही

मित्रांनो, मी एक जुनी दोनशेपानी वही आहे. माझ्या मधोमध गोल खड्डा दिसतोय ना, तो म्हातारपणाचा नाही. तो लोखंडी पलंगाच्या पायाचा आहे.

सोलापुरातल्या एका दवाखान्यात, मोडून जुळलेल्या हातापायांना व्यायाम शिकवतात त्या खोलीत, गिरिजाबाईंनी मला सुतळीनं खिळ्याला टांगलं. त्या तिथल्या सगळ्यात जुन्या फिजिओथेरपिस्ट. नियम एकच, अडलं की माझ्यात विचारायचं, सुटलं की माझ्यातच लिहायचं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत कुठलं हाड मोडलं ते असायचं. त्या हातानं माणूस दिवसभर करतो काय, ते माझ्यात असायचं. मागावर उभं राहणाऱ्याचा गुडघा, एसटी चालवणाऱ्याची मान. जो तो म्हणायचा, वहीला विचारा. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू.

मग गिरिजाबाई निवृत्त झाल्या आणि कॉम्प्युटर आला. दवाखान्याच्या साहेबांनी त्याला हार घातला. पलंग डुगडुगत होता, म्हणून मला त्याच्या पायाखाली सारलं. मी काही गप्प बसले नाही. अंग चोरून रोज पलंग जरासा हलवत राहिले.

एक दिवस वळसंगच्या बजाबाई आल्या. मनगट मोडून जुळलेलं, पण ताठ. कडक भाकऱ्या विकून त्यांचं घर चालायचं, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, आता भाकरी विसरा. नव्या थेरपिस्ट धम्मप्रियाला बाई म्हणाल्या, "पोरी, हात माजा हाय. भाकरी कवा थापायची तेवढं सांग. थापायची का न्हाय, ते इचारलंच न्हाय मी."

धम्मप्रियानं कॉम्प्युटरला विचारलं. त्याला टेनिस माहीत, गोल्फ माहीत, भाकरी माहीत नाही. मनगटासाठी त्यानं गोल्फ काढून दिला. बिचारीनं बजाबाईंच्या हातात काठी दिली, हळूच फिरवा म्हणाली. बजाबाईंना हळू माहीत नव्हतं. पहिल्याच फटक्यात ट्यूबलाइट फुटली, आणि दारात उभ्या साहेबांचा चहा साहेबांच्याच शर्टावर.

बाईंनी काठी खाली ठेवली. "ह्या खेळात पीठ कवा येतंय?"

काचा झाडायला पलंग सरकवला आणि मी उघडी पडले. धम्मप्रियाला शब्द दिसला, 'भाकरी'. गिरिजाबाईंनी परातीवर टेकलेल्या तळव्याचं चित्र काढलेलं, मनगट किती मागं वाकायला हवं तो कोन आखलेला. खाली लिहिलेलं, आधी ओला टॉवेल दाबा, मग मऊ पीठ, मग लहान भाकरी. सूज आली की थांबा. धम्मप्रियानं बजाबाईंच्या मनगटाचा कोन मोजला. थोडाच कमी होता. मला काखोटीला मारून ती डॉक्टरांकडे गेली आणि चिठ्ठीवरचं 'विसरा' खोडून 'हळूहळू' लिहून घेऊन आली.

दोन महिन्यांनी बजाबाई परात घेऊनच आल्या. सगळ्यांसमोर एक भाकरी थापली. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून पिठाचा पंजा माझ्या त्या पानावर उमटवला.

साहेब म्हणाले, हे कॉम्प्युटरवर चढवा. त्यात पेशंटच्या कामाला तीनच चौकोन होते, धम्मप्रियानं ते वाचून दाखवले, नोकरी, गृहिणी, इतर. "इतर म्हंजे कोण?" बजाबाईंनी विचारलं. साहेब शर्टावरचा जुना डाग बघत बसले.

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. पलंगाखाली कॉम्प्युटरचं माहितीपुस्तक गेलंय, जाडीला अगदी बरोबर. मला हार नको, मित्रांनो. पण जुनी वही कशाखाली घालायचीच असेल, तर आधी वाचून घाला.