केसांवर आधी काय लावलंय?

माझ्या सुनेची, वर्षाराणीची, एक खोड अठ्ठावीस वर्षांत गेली नाही. समोरचा काय बोलतोय ते कळो न कळो, ही मान हलवणार. बँकेत हलवते, दवाखान्यात हलवते. शुक्रवारी राजारामपुरीतल्या त्या थंडगार पार्लरमध्येही तेच चाललं होतं.

रविवारी नातीचा, शांभवीचा, साखरपुडा. मलकापूरचे पाहुणे. पोरीला केसांत तपकिरी छटा हवी होती म्हणून आमच्या गडमुडशिंगीहून आम्ही तिघी आलो. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. मीच रिक्षात आधी जाऊन बसले.

केस रंगवणारी मुलगी अवनी, असेल पंचविशीची. तिनं एक जाड पुस्तक उघडलं. आत रंगीत केसांचे झुपके चिकटवलेले.

"ग्लोबल करायचं की बलायाज?"

वर्षाराणीनं मान हलवली.

"व्हय म्हंजे कंचं?" मी म्हणाले. "तिनं दोन विचारली, तू एकच मान हलवलीस."

"आत्ती, हळू बोला की. बायका बघाल्यात."

"बघू देत. तिकीट हाय काय?"

अवनीनं सांगितलं. ग्लोबल म्हणजे सगळं डोकं एका रंगात. बलायाज म्हणजे ब्रशनं हातानं रंग ओढायचा. वर गडद, खाली जाईल तसा उजळ. शांभवीला तेच हवं होतं.

"केस फार काळे आहेत, त्यामुळं आधी प्री-लाइटनिंग लागेल. वीसचं डेव्हलपर घेते, शेवटी टोनर."

वर्षाराणीची मान परत हलली.

"थांब बाई. एकेक सांग."

मी तिसरीतनं शाळा सोडली, पण अवनी सांगेल तसं कळत गेलं. आधी ब्लीचनं केसातला रंग काढून टाकायचा. डेव्हलपर हे त्यात कालवायचं पातळ औषध, आकडा मोठा तितकं जहाल. टोनर लावून उरलेला पिवळेपणा मारायचा.

"केसांवर आधी काय लावलंय? कलर, काळी मेंदी?" अवनीनं विचारलं. "तसलं काही असलं तर ब्लीचनं केस जळू शकतात."

"काही नाही. घरचं खोबरेल," वर्षाराणी म्हणाली. "आमच्या आत्तींचे बघा की. अडुसष्टाव्या वर्षी एक पांढरा नाही. त्यांच्यावरच गेलीय पोरगी."

मी उठले. काचेच्या दारापर्यंत गेले, परत आले, बसले. खुर्ची फिरती, तीही स्वस्थ बसू देईना.

मागच्या महिन्यात मलकापूरकर बघायला यायच्या आदल्या दिवशी मला शांभवीच्या भांगात सात-आठ पांढरे केस दिसले होते. चोविसाव्या वर्षी. न्हाणीत बसवून मी तिला माझी पूड लावली. माका-आवळा आहे म्हणून सांगितलं. माका नाही की आवळा नाही. जत्रेतल्या एका बाईकडून बारा वर्षं घेते ती काळी पूड, पुडीवर नावसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मुलाच्या आत्यानं रीतीप्रमाणे पोरीची वेणी हातात घेऊन बघितली. म्हणाली, "आज्जीचे केस उचललेत." त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले होते.

अवनी वाटीत पांढरी पावडर कालवायला लागली. वास नाकाला झोंबत होता. पलीकडच्या खुर्चीत आमच्याच गल्लीतली लीला बसलेली, कान इकडं. शांभवी आरशातनं माझ्याकडं बघून हसली.

अवनीनं ब्रश उचलला.

"ठेव त्यो ब्रश," मी म्हणाले. "काळी पूड लावलीया मी. हिलाबी, मलाबी. माझं केस बारा वर्षं पुडीचं हाईत."

लीलानं डोक्यावरचा ड्रायर बाजूला सारला.

अवनीनं तपासायला शांभवीच्या मानेमागची बारीक बट कापली आणि वाटीतल्या लेपात बुडवली. थोड्या वेळात वाटी चटका बसण्याइतकी तापली. बट काढून ओढली, तर हिरवट झालेली, शिजलेल्या शेवयीसारखी लांबली आणि तुटली. शांभवीनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"आत्ती, मला तरी सांगायचं," वर्षाराणी रडवेली होऊन म्हणाली.

मी पदर सारखा केला. लीलालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले.

"सांगितलं असतं तरी तू मानच हलवली असतीस. माझी चूक मोठी, ती मी चारचौघींत बोलून दाखवली. आता तुझी ऐक. तुला कळत न्हवतं तरी विचारायची लाज वाटली. पोरीचं डोकं पुढं करायची न्हाय वाटली. रविवारी पोरगी हाय तशा केसांनी बसल, मुळातल्या पांढऱ्यासकट. मुलाच्या आत्याला ते तूच सांगायचं. तोंडानं, मान हलवून न्हवं."