सिस्टिम ठिणगीची, नियम काकांचे

ठिणगी आणि तिचे काका सकाळपासून एकमेकांकडे खाऊ की गिळू असे बघत होते. मध्ये टेबलावर एक जुनाट कॉम्प्युटर. घरातलं सगळं इंटरनेट आता त्याच्यातून जाणार होतं. कोणाला आत घ्यायचं, कोणाला हाकलायचं, कोणाला आधी पुढे काढायचं, हे तो ठरवणार!

भांडण होतं त्यात कुठली ऑपरेटिंग सिस्टिम घालायची यावरून. काकांची वीस वर्षं लिनक्सवर गेलेली. ठिणगीला हवी होती ओपनबीएसडी, कारण तिथे अडवायचे आणि रांगा लावायचे नियम एकाच फायलीत बसतात आणि साध्या वाक्यांसारखे वाचता येतात.

गरज मात्र ठिणगीच्या ताईची होती. वरच्या खोलीत बसून ती बोलताना अडखळणाऱ्या मुलांना व्हिडिओवर शिकवायची. खाली काकांच्या छापखान्याच्या अगडबंब फायली जायला लागल्या की पडद्यावर तिचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. एका मुलीच्या बाबांनी बजावलं होतं, "आज अकराला परत तसं झालं, तर आम्ही दुसरीकडे जातो." तीन महिन्यांनी ती मुलगी आज पूर्ण वाक्य बोलायला कबूल झाली होती.

शेवटी ताईनेच निकाल दिला. सिस्टिम ठिणगीची, नियम काकांचे. झालं! दोघांच्याही नाकाला मिरच्या झोंबल्या.

काकांनी सवयीने परवानग्या वर लिहिल्या आणि 'बाकी सगळं बंद' ही ओळ अगदी खाली.

"काका, इथे उलटं असतं. तुमच्या लिनक्समध्ये जो नियम आधी लागू पडतो तो खरा. इथे सगळे वाचले जातात आणि शेवटी लागू पडतो तो खरा."

"तू जन्मलीही नव्हतीस तेव्हापासून करतोय मी हे. सरक."

"अहो, पण—"

"सरक म्हटलं ना!"

ती सरकली. फाईल सेव्ह करण्याआधी काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "अजून काही अक्कल शिकवायचीय?"

"छे! काही नाही," ठिणगी साखरेसारख्या आवाजात म्हणाली. पडा तोंडघशी!

अकराला पाच मिनिटं असताना काकांनी घराची इंटरनेटची वायर काढून टेबलावरच्या त्या पेटीत खोचली. सगळं ठप्प.

"बघ तुझं खेळणं!" काका गरजले. "पुसून लिनक्स घालतो."

"अर्धा तास जाईल! हटा!"

"हात लावलास तर याद राख!"

ताई धाडधाड जिना उतरत आली. "ती मुलगी लवकर आली होती! हात हलवत होती, आणि गेली!"

ठिणगीने काकांच्या कोपराखालून हात घातला, खालची ओळ उचलून सगळ्यात वर ठेवली आणि नियम पुन्हा चढवले. लाईन आली! ती रुबाबात वळली. "बघितलंस, ताई? मी यांना आधीच सांगितलं होतं."

"आधी म्हणजे?"

"मघाशी. नंतर यांनी विचारलं तेव्हा नाही सांगितलं. सरक म्हणाले ना मला!"

"म्हणजे बंद पडणार हे तुला माहीत होतं."

"यांना कळायला नको का—"

"काका हट्टी आहेत गं. पण तू? तू नुसती मजा बघत बसलीस."

"घ्या!" काका खुदकन हसले.

"तुम्ही तर दात काढूच नका. ठिणगे, पासवर्ड बदल आणि मला एकटीला लिहून दे. या पेटीला दोघांनीही शिवायचं नाही."

ठिणगीने कागद दिला. तिचे कान तापले होते. ताई दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली.

खाली काकांची छापखान्याची फाईल ताईच्या व्हिडिओमागे रांगेत गोगलगायीसारखी सरकत होती, आणि पासवर्ड वर गेल्यामुळे ती आता दोघांपैकी कोणालाच पुढे काढता येत नव्हती. वरून ताईचा आवाज येत होता. "आले बाळा, आले. मधेच गेले ना मी? सॉरी हं. आता म्हणतेस ते वाक्य?" मग, "बरं. नको. मंगळवारी म्हणू या?"

"तुझ्यामुळे," काका पुटपुटले.

"तुमच्यामुळे!" ठिणगी फिस्कारली. पण मंगळवारपर्यंत आपण ताईच्या तोंडासमोर जाणार कसं, हे काही तिला सुचेना.