सतरामोहाची रेषा

सालेकसा तालुक्यातल्या डोंगरपायथ्याच्या बेहडाटोल्यात सतरा मोहांची एक राई आहे आणि तिच्यातले एकेक झाड एकेका घराला वाटून दिलेले आहे. ही वाटणी कोणी केली हे कोणी सांगू शकत नाही. ती कोणी मोडल्याचेही ऐकिवात नाही. अशी राई गावाच्या वनहक्काच्या दाव्यातून बाहेर पडली होती, आणि ती बाहेर काढणारा हात कोणा वैऱ्याचा नव्हता. तो अन्नपूर्णाबाईंचा होता.

गावाच्या वनहक्क समितीच्या त्या सचिव. आदल्या वर्षी मोबाईल हाती धरून त्यांनीच गावाची शीव चालून काढली होती. दाट सागाखाली फोनला उपग्रहांचे संकेत धड मिळेनात. पडद्यावरचा ठिपका कधी वीस पावले डावीकडे, कधी उजवीकडे भरकटला, आणि त्या भरकटण्याचीच रेषा होऊन नकाशावर बसली. सुनावणीत वनरक्षक भूपेंद्रने नकाशावर बोट ठेवले तेव्हा कुठे कळले, की सतरामोह रेषेच्या बाहेर आहे. दावा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकच संधी दिली: सोमवारी शीव पुन्हा चालायची, वनरक्षकासमक्ष. त्यानंतर नकाशा कायम.

अन्नपूर्णाबाईंनी गोंदियाच्या एका संस्थेकडून वेगळा जीपीएस रिसीव्हर मागून आणला. साबणाच्या वडीएवढे ते यंत्र बांबूच्या टोकाला बांधायचे, ब्लूटूथने फोनशी जोडायचे, आणि नकाशाच्या ॲपाने फोनची स्वतःची अटकळ सोडून या यंत्राचे ऐकायचे, अशी योजना. शनिवारी धाकटी जाऊ रेणू हिच्या हाती बांबू देऊन त्यांनी चालून पाहिले. यंत्रावर निळा दिवा लुकलुकत होता, फोनवर ‘जोडले’ असे उमटले होते, आणि रेषा होती तशीच वाकडी.

राईतल्या पाचव्या झाडाचे धनी, सत्तरी ओलांडलेले यादोराव सोबत होते. ते खाली बसत म्हणाले, “यंत्र एकाचे दोन झाले बाई. चूक तेवढीच हाय.”

“बांबू मी धरून रायली, अन् थकले तुमी,” रेणूने सुनावले.

“थकलो नाई वो. माह्या झाडाले पाहून रायलो.”

अन्नपूर्णाबाई हसल्या नाहीत.

रविवारी सकाळी धानाच्या कापणीला न जाता त्या ओट्यावर बसल्या. बिघाड यंत्रात आहे असे म्हणून यंत्र परत करणे सोपे होते. परंतु न तपासता दोष देण्याची त्यांची वृत्ती नव्हती. फोन यंत्राचे ऐकत असेल, तर ठिपक्याने यंत्रामागे गेले पाहिजे. फोन जागचा हलो वा न हलो. मग हेच का पाहू नये? त्यांनी फोन ओट्यावर ठेवला आणि रेणूला बांबू घेऊन हातपंपापर्यंत पाठवले.

“गेला का ठिपका?” रेणूने पंपाजवळून विचारले.

“नाई.”

“मी उन्हात फिरून रायली, अन् तो काऊन झोपला?”

कारण आता उघडे पडले. यंत्र बोलत होते. नकाशा ऐकत नव्हता. रिसीव्हरला फोनशी जोडणाऱ्या ॲपाच्या पहिल्याच पानावर एक सूचना होती, आणि ती अन्नपूर्णाबाईंनी वाचून, समजून, मुद्दाम नाकारली होती. फोनच्या सेटिंगमध्ये ‘बनावट स्थान ॲप निवडा’ असे लिहिलेल्या ठिकाणी त्या ॲपाचे नाव द्यायचे होते; बाहेरच्या यंत्राने दिलेले स्थान फोन ‘बनावट’ याच नावाखाली स्वीकारतो. रोजगार हमीच्या कामावर त्या मोबाईलवरून हजेरी घेत असत. घरबसल्या हजेरी लावण्यासाठी बनावट स्थानाला हात लावायचा नाही, ही ताकीद त्यांनी स्वतःच दहा जणांना दिली होती.

“ताई, हे तं चोरीचं बटन हाय,” रेणू म्हणाली.

“घरी बसून कामावर हाय म्हटलं, तं चोरी. आपन जिथं उभं आहो, तिथंच उभं आहो म्हनतो. फक्त फोनापेक्षा चांगल्या डोळ्यानं पाहून.”

त्यांनी नाव निवडले. रेणू पुन्हा निघाली. ओट्यावर पडलेल्या फोनमधला ठिपका हलला, अंगण ओलांडून हातपंपापाशी गेला, आणि रेणूने पंपाला एक फेरी घातली तर त्यानेही घातली. अन्नपूर्णाबाईंनी तत्काळ ग्रामसभेचे कार्यवृत्त उघडून लिहिले, की अमुक सेटिंग अमुक कारणासाठी चालू केले असून मोजणी संपताच बंद केले जाईल.

सोमवारी शिवेवर अर्धे गाव जमले. भूपेंद्र गोंदिया शहरातला, फोन जाणणारा. त्याने आधी फोनच मागितला, दोन ठिकाणी बोट फिरवले आणि थांबला.

“बाई, ये क्या है? बनावट स्थान चालू आहे. याच्याने घरी बसून अख्खं जंगल फिरता येते. असा नकाशा मी कसा मान्य करू?”

यादोरावांनी मान खाली घातली.

अन्नपूर्णाबाईंनी कार्यवृत्त पुढे केले. त्याने ते दोनदा वाचले. “लिहिलं म्हणून खरं होते का?”

“नाई होत,” त्या म्हणाल्या. “साहेब, जंगलाच्या हद्दीवरचे दगडी मुनारे तुमच्या खात्यानं मोजले. त्याईचे आकडे तुमच्या वहीत हाय, माह्यापाशी नाई. मुनारा तुमी निवडा. बांबू तुमीच धरा. फोनही तुमच्याच हातात ठेवा. वही मात्र शेवटी उघडा.”

भूपेंद्रने चौदावा मुनारा निवडला. सर्वांत दाट झाडीतला. त्याने दगडी खांबाच्या माथ्यावर बांबू टेकवला, पाच मिनिटे धरला, पडद्यावरचे अक्षांश-रेखांशाचे आकडे मोठ्याने वाचले आणि मग वही उघडली. चौथ्या दशांशापर्यंत आकडे जुळले. फक्त शेवटचा, पाचवा अंक एकाने पुढे होता.

“म्हणजे केवढा फरक?” यादोरावांनी विचारले.

“एक मीटर,” भूपेंद्र म्हणाला. मग वही मिटत पुढे म्हणाला, “चला, बांबू कोण धरते?”

रेणूने तो आधीच धरला होता. तिसऱ्या प्रहरी रेषा राईपाशी पोहोचली आणि शेवटच्या मोहाच्या पलीकडून, अकरा पावले मोकळी ठेवून, सरळ निघून गेली. सतरामोह आत होता. भूपेंद्रने नकाशावर सही केली आणि सहीखाली ‘चौदाव्या मुनाऱ्यावर स्वतः पडताळले’ असे आपणहून लिहिले.

लोक घरी जाण्याऐवजी राईत शिरले. यादोराव पाचव्या झाडाला पाठ टेकून ताठ उभे राहिले.

“बाई, याचा ठिपका लाव. नाव माह्या घराचं लिही.”

“आता झाड पडलं, तरी जागा नाई हलत, बाबाजी,” रेणू म्हणाली आणि तिने बांबू त्यांच्या झाडाच्या बुंध्याशी उभा केला.

सतरा झाडांचे सतरा ठिपके लागले, सतरा घरांची नावे चढली. मग अन्नपूर्णाबाईंनी ते सेटिंग बंद केले आणि कार्यवृत्तात वेळ लिहिली: दुपारी चार वाजून वीस मिनिटे. तिच्यापुढे, वहीच्या रीतीला सोडून, त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: मागील नकाशातील चूक माझी होती, ती आज मीच दुरुस्त केली.