खडूची खूण

दुकानदाराने पेट्रोलच्या चौथ्या ड्रमचं बूच पान्याने सैल केलं, पुढचं हातानेच फिरवून काढलं आणि अदबीने दोन पावलं मागे सरकला.

मामा वाकले. डोळे मिटून, बुचाच्या भोकावर नाक धरून त्यांनी सावकाश श्वास आत घेतला, जरा वेळ धरला आणि सोडला. मग दोन थेंब तळहातावर चोळले आणि तळहात नाकाशी नेला. गेली सव्वीस वर्षं ते हे असंच करत आले होते. त्यामुळे आज काही वेगळं आहे हे दुकानदाराला कळायचं कारण नव्हतं. वेगळं एवढंच होतं, की मामांना कसलाही वास येत नव्हता.

"काय म्हणता?"

"ठीक आहे," मामा म्हणाले. खिशातून खडू काढून त्यांनी ड्रमच्या पोटावर एक गोल काढला. आधीच्या तीन ड्रमांवरही त्यांनी असेच गोल काढले होते. त्यातला एक ड्रम भाचीच्या गॅरेजवर पाठवायला सांगून ते बाहेर पडले.

ते मामा होते एकाच मुलीचे. त्यांच्या बहिणीची ही मुलगी आठवडाभर शाळेत गणित शिकवायची आणि रविवारी ड्रॅग रेसमध्ये गाडी पळवायची. सरळ पट्टी, चारशे मीटर, दहा-अकरा सेकंदांत सगळा खेळ खलास. तिचं ऐकून ऐकून सगळा ट्रॅक त्यांना मामा म्हणू लागला होता. त्या दहा सेकंदांत गाडी पेट्रोल नुसती ढोसते, आणि त्यात जराशी घाण असली की कार्बोरेटरच्या जेटचं बारीक भोक तुंबतं, इंजिनाला पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन वितळतो. भरवेगात इंजिन फुटलं तर गाडी कुठे जाईल ते चालवणाऱ्याच्याही हातात राहत नाही. म्हणून पेट्रोल निवडणं हे मोठं काम, आणि ते मामांचं. मामांचा खडूचा गोल असला की बाकीच्या टीमही डोळे झाकून तो ड्रम उचलत.

मामांनी तीस वर्षं बस डेपोच्या स्टोअरमध्ये कारकुनी केली होती. तिथे ते रजेवर गेले तरी दोन दिवस कुणाच्या लक्षात यायचं नाही. ट्रॅकवर मात्र ते आले की लोक खुर्ची सोडून उठत. याला कारण एक जुनी गोष्ट. एकदा एका ड्रममध्ये पेट्रोलची घनता मोजणारी काचेची मापनळी सोडली, आकडा बरोबर आला, सगळे खूश. मामांनी वास घेतला आणि नको म्हणाले. दोघांनी ऐकलं नाही, दोघांचीही इंजिनं त्या दुपारी गेली. तेव्हापासून मामा मापनळीची टर उडवू लागले. ज्याला नाक नाही त्याने नळी बाळगावी, असं ते चारचौघांत म्हणत. आता ते वाक्य त्यांच्यावरच उलटलं होतं.

उन्हाळ्यात शर्यती बंद असताना त्यांना ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. हे घरात पहिल्यांदा कळलं ते बायकोला. शेगडीवर दूध करपून पातेलं काळं झालं आणि हे दोन हात अंतरावर पेपर वाचत बसलेले. डॉक्टर म्हणाले, येईलही परत, नाही येणारही. मामांनी त्यातलं अर्धंच ऐकलं. हंगामाची पहिली शर्यत येईपर्यंत येईल, असं स्वतःला सांगत त्यांनी चार महिने काढले.

घरी आल्यावर त्यांना बसवेना. ड्रममधून भरून आणलेली लहान बाटली पिशवीत होती. त्यांनी कपाटाच्या तळातून डेपोतली जुनी मापनळी काढली. रोज टँकर आला की हीच नळी सोडून आकडा लिहायचा, हे काम त्यांनी तीस वर्षं झोपेतसुद्धा चुकणार नाही इतकं केलं होतं. गच्चीवर, बायकोने वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला बसून त्यांनी नळी पेट्रोलमध्ये सोडली. थर्मामीटर बघितला, हिशेब केला. पेट्रोल जड भरत होतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग कोऱ्या कागदावर दोन थेंब टाकून ते वाट बघत राहिले. चांगलं पेट्रोल उडून जातं, मागे काही ठेवत नाही. इथे पिवळी कडा उरली. बोट लावलं तर चिकट.

सगळं लख्ख समजलं. ड्रम पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर तापले, बुचांचे रबर तडकलेले, त्यातलं हलकं ते उडून गेलं आणि गाळ राहिला. शिळ्या पेट्रोलला रंगाच्या जुन्या डब्यासारखा वास मारतो. पूर्वी हा वास त्यांना शेडच्या दारातच आला असता.

बायको चादरी काढायला वर आली. नळी बघून ती शेजारी टेकली.

"चारही ड्रमांवर खूण केली मी," मामा म्हणाले.

"मग पुसून या."

"इतकं सोपं आहे का ते?"

"सोपं कुठे म्हणतेय मी," ती म्हणाली आणि चादरींच्या घड्या घालू लागली.

त्यांनी दुकानदाराला फोन केला. उरलेले तीन ड्रम तासाभरात हातोहात गेले होते. गोल दिसल्यावर कुणी बूचसुद्धा उघडून बघितलं नव्हतं. मामांनी पेट्रोल शिळं असल्याचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पण तुम्हीच तर वास घेतला. सकाळी नवे सीलबंद चार ड्रम ट्रॅकवर पाठव, एवढं सांगून मामांनी फोन ठेवला.

संध्याकाळी ते भाचीच्या गॅरेजवर गेले. ती गाडीखाली होती, नुसते बूट दिसत होते. मामांनी त्या बुटांनाच सगळं सांगून टाकलं. तोंडासमोर तोंड असतं तर जमलं नसतं. ती सरपटत बाहेर आली आणि हात पुसत जमिनीवरच बसली. मामा चार महिने गप्प राहिले याचा तिला राग आला होता आणि तो लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

"मी त्या गाडीत बसणार होते, मामा."

"हो."

मामांना खरोखर लाज वाटली. ती उठली, पाणी प्यायली, येरझारा घातल्या. मग शिक्षिकेसारखी शांत होऊन तिने एक तोड काढली. मामांनी तपासलेले ड्रम दुकानदाराने बदलून दुसरेच दिले असं सांगायचं. चूक त्याच्याही शेडची आहेच. पेट्रोल बदललं जाईल, कुणाला इजा होणार नाही आणि मामांचं नाव राहील.

मामांना तो विचार गोड लागला, हे खोटं का बोला. घरी जाताना निम्म्या रस्त्यापर्यंत त्यांनी तो जपून नेला. पण मग पुढच्या महिन्यात पुन्हा कुणीतरी बूच काढून दोन पावलं मागे सरकणार, आणि आपण पुन्हा वाकणार, हे त्यांना दिसलं. एवढं सोंग आता अंगाला झेपत नव्हतं.

रविवारी सकाळी ते ओलं फडकं घेऊन ट्रॅकवर आले. पहिल्या टीमला सांगितलं, त्यांनी घाईत मान हलवली आणि ड्रम बाजूला केला. मामांनी गोल पुसला. दुसऱ्या टीमचा म्हातारा मेकॅनिक नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. ते मामांना जास्त जड गेलं.

तिसरी टीम दाढीवाल्याची. त्याची गाडी भाचीच्या गाडीच्या तोडीस तोड, आणि पहिल्याच फेरीत दोघांची गाठ होती. त्याची टाकी भरून झाली होती. मामांचं ऐकून घेत तो हळूहळू उभा राहिला, पण या वेळी खुर्ची द्यायला नाही.

"म्हणजे ऐन वेळी मी टाकी रिकामी करायची, इंजिन पुन्हा जुळवत बसायचं, आणि तुमची भाची जाणार पुढे. मामा, आमचाच मामा करताय होय?"

चार लोक जमले. भाची लांबून धावत आली, तिला मामांनी हातानेच थांबवलं.

"मला वास येत नाही. तापानंतर गेला. काल मी नुसतं नाटक केलं."

"तुमचं नाक गेलं? कुणाला सांगता?"

"मग बघ तू," मामा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले. "काहीही धर."

दाढीवाल्याने इकडेतिकडे बघितलं. काहीतरी उचलल्याचा आवाज झाला. मामांनी नेहमीसारखाच सावकाश श्वास आत घेतला, सवयीने थोडा धरलासुद्धा.

"काय आहे?"

"नाही कळत."

"अंदाजाने सांगा."

मामांनी पुन्हा वास घेतला.

"डिझेल?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. मामांनी डोळे उघडले. दाढीवाल्याच्या हातात अर्धा प्यालेला, निवलेला चहाचा कप होता.

कप कुठे ठेवावा हे दाढीवाल्याला सुचेना. शेवटी तो त्याने जमिनीवर ठेवला आणि आपल्या माणसांना टाकी रिकामी करायला सांगितलं. मामांनी त्याच्या ड्रमवरचा गोल पुसायला घेतला. खडू पत्र्याच्या खरबरीत रंगात बसला होता, लवकर निघेना. दाढीवाला त्यांच्या शेजारी उकिडवा बसला.

"राहू द्या, मामा. मी पुसतो."

"नको. मीच काढलाय."

नवे ड्रम टेम्पोतून आले तेव्हा मामांनी सगळ्यांसमोर मापनळी काढली. कुणी थट्टा केली नाही. त्यांनी एकेका ड्रमचा आकडा मोठ्याने सांगितला, कागदावर थेंब टाकून दाखवले आणि भाचीला ते कसं वाचायचं तेही शिकवलं. तिने एकदा बघूनच ते उचललं. ड्रमांवर खूण कुणी मागितली नाही, त्यांनीही काढली नाही.

पहिल्या फेरीत दाढीवाला जिंकला, अगदी थोडक्यात. भाची हेल्मेट काढत हसत आली. इंजिन मस्त चाललं, म्हणाली. मामांनी ते ऐकलं होतं. कानांची काही तक्रार नव्हती.

दिवस मावळताना ते घरी आले आणि दारातच शर्ट काढून बायकोकडे दिला. ट्रॅकवरचा शर्ट ती लग्न झाल्यापासून वेगळा भिजवत आली होती. बाकीच्या कपड्यांना पेट्रोलचा वास लागतो, घरभर पसरतो, माणसाने किती सोसायचं, ही तिची दर रविवारची कटकट. आज मात्र खिसा उलटा करून तिने खडूचा तुकडा काढून खिडकीत ठेवला आणि शर्ट घेऊन मोरीकडे निघाली.

"अगं," मामा म्हणाले, "वास येतोय का त्याला?"

ती थांबली. शर्ट नाकाशी धरून तिने चांगला मोठा श्वास घेतला.

"येतोय," ती म्हणाली.

"खूप?"

"खूप."

मामांनी मान हलवली आणि ते हात धुवायला गेले.