हिरवा दिवा

मित्रांनो, मागच्या खोलीतल्या कपाटावर बसलेला मी एक जुना राउटर आहे. माझा हिरवा दिवा लागला की घरची माणसं निर्धास्त होतात. मला मात्र त्या दिव्याची लाज वाटते.

कारखान्यातून मी थेट एका शिंपीकाकांच्या घरी आलो. पुढच्या खोलीत, शिलाई मशीनच्या वरच माझी फळी होती. "फोटो पाठवा, तस्संच शिवतो," असं काका गिऱ्हाइकांना माझ्या जिवावर सांगत. मग नवा राउटर आला आणि माझी रवानगी रिकाम्या रिळांच्या डब्यात झाली.

एके दिवशी काकांच्या थोरलीला नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत लॅपटॉपवर व्हायची होती. पुढच्या खोलीत मशीनची खडखड आणि मागच्या खोलीत नेट पोहोचत नाही, अशी पंचाईत झाली.

"बाबा, तेवढा वेळ मशीन बंद ठेवाल का?" तिनं विचारलं.

"अगं, गिऱ्हाइकाला शब्द दिलाय. त्यापेक्षा तुझ्या खोलीत नेटच आणून देतो की."

काकांनी भिंतीच्या कडेनं वायर नेली, अगदी दुमड घालावी तशी सरळ. तिचं एक टोक नव्या राउटरला जोडलं, दुसरं मला. स्वतःच्या फोनवर नेट लागलेलं बघून ते खूश झाले.

पण एक गोष्ट राहूनच गेली. घरातल्या फोन-लॅपटॉपना नेटवर ओळखीसाठी नंबर द्यायचा आणि बाहेरचा रस्ता दाखवायचा, हे काम एकाच राउटरनं करायचं असतं. माझं ते काम बंद करायला काका विसरले. जित्याची खोड! मुलाखतीच्या दिवशी थोरलीच्या लॅपटॉपनं रस्ता विचारला आणि नव्याच्या आधी मीच उत्तर दिलं. मी दाखवलेला रस्ता तर केव्हाच बंद पडला होता. काकांच्या फोनला मात्र नव्या राउटरनं आधीच खरा रस्ता दाखवून ठेवला होता.

माझा दिवा हिरवागार. समोर ती रडवेली. धावत पुढच्या खोलीत गेली.

"बाबा, नेट लागत नाहीये."

"माझ्या फोनवर चालतंय. तूच काहीतरी दाबलं असशील," काका मान वर न करता म्हणाले. मशीन चालूच राहिलं आणि मुलाखतीची वेळ टळून गेली.

संध्याकाळी तिनंच माझी सेटिंग उघडली, चूक शोधली आणि माझं ते जुनं काम बंद केलं. काका दारात उभे होते. "माझंच चुकलं गं," एवढंच ते बोलू शकले. मलाही तेच म्हणायचं होतं, पण मला वाचा कुठे आहे?

मित्रांनो, जुन्याला नव्याच्या जोडीला बसवाल, तेव्हा त्याचं जुनं काम आधी काढून घ्या. आणि दिवा हिरवा असला, तरी समोरचं माणूस काय सांगतंय ते ऐका.

पुढे तिला दुसरीकडून बोलावणं आलं. आता माझ्यातूनही नेट व्यवस्थित चालत होतं. तरी काकांनी तिला पुढच्या खोलीत बसवलं, मशीनवर कापड घातलं आणि मुलाखत संपेपर्यंत ते बाहेर पायरीवर बसून हातानंच गुंड्या लावत राहिले.