चहापुरता उशीर

नकाशेवाल्यांचा जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला बरोबर एक चहा लागायचा. म्हणजे बटण दाबायचे, आतली डिस्क दळण दळल्यासारखी घरघरू लागली की स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवायचे, चहा गाळायचा, बायकोसमोर बसून तो प्यायचा, तिच्या शब्दकोड्यात नाक खुपसून बोलणी खायची आणि कप विसळून परत यायचे. तोवर कॉम्प्युटर उठलेला असायचा. निदान डोळे तरी चोळत असायचा.

हा चहा आपण प्रेमाने करत नाही, असा नकाशेवाल्यांचा दावा होता. लोकांच्या घरांचे आराखडे काढण्यात उभा जन्म गेलेला. जागा वाया घालवायची नाही तसा वेळही नाही, इतकेच. बायकोही शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. सगळे तिला बाई म्हणत. मागून मिळालेल्या चहाला चव नसते, असे बाईंचे शास्त्रीय मत असल्यामुळे त्यांनी तो कधी मागितला नव्हता.

असा सुखाचा संसार चालला असताना लेक सुट्टीला आली आणि मोठ्या हौसेने तिने जुनी डिस्क काढून एसएसडी नावाची नवी वेगवान डिस्क बसवली.

"बाबा, दाबा बटण."

नकाशेवाल्यांनी दाबले. बोट उचलतात तोच कॉम्प्युटर समोर हजर, सासरी नव्याने आलेल्या जावयासारखा टवटवीत.

"कसं वाटतंय?"

"धास्ती वाटतेय."

"आणि हे बघा, पडद्यामागे एक प्रीलोडिंग सर्व्हिस चालायची. तुम्ही रोज काय उघडता ते ध्यानात ठेवून आधीच मेमरीत आणून ठेवणारी. आता तिची फारशी गरज नाही. डिस्कला उगीच कामाला लावते. मी बंद करून टाकलीय."

लेक परत गेली आणि घरातला सकाळचा चहा बुडाला. कॉम्प्युटर तयार, काम समोर. आता स्वयंपाकघरात जायचे ते कोणत्या तोंडाने? काही कारण नसताना चहा करायचा म्हणजे मग ते प्रेमच झाले. या वयात ते उघडकीला आलेले परवडणार नव्हते.

आतून बाईंचा आवाज आला. "झाला सुरू?"

"झाला."

"इतक्यात?"

"इतक्यात."

"छान."

या 'छान'ने खोलीत पंखा लावायची गरज उरली नाही.

दोन-तीन दिवस नकाशेवाल्यांनी एका बंगल्याचा जिना चुकीच्या खोलीत उतरवला. मग त्यांना लेकीचे शब्द आठवले. डिस्कला उगीच कामाला लावते! अशी गुणी सर्व्हिस बंद का ठेवायची? त्यांनी सर्व्हिसेसची यादी उघडली, ती शोधून 'ऑटोमॅटिक' केली आणि आशेने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. मेला लगेच उठला. नवीन आहे, उद्यापर्यंत आळशी होईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

सकाळी पाहतात तर सर्व्हिस बंद.

त्यांनी चालू केली. दुसऱ्या सकाळी पुन्हा बंद. तिसऱ्याही. नकाशेवाले कॉम्प्युटरसमोर हळू बोलू लागले. शेवटी त्यांनी लेकीला फोन केला.

"का गं, ती सर्व्हिस आपल्या आपण बंद होते का?"

"नाही बाबा. काय चाललंय तुमचं? मध्यंतरी आईसुद्धा तिचीच चौकशी करत होती."

नकाशेवाल्यांनी फोन ठेवला आणि त्या दुपारी झोपेचे सोंग घेतले. घोरणेही चांगले जमले. थोड्या वेळाने पाय न वाजवता बाहेर आले, तर बाई चष्मा नाकाच्या टोकाला लावून कॉम्प्युटरपुढे बसलेल्या.

"काय चाललंय?"

"पेपर वाचतेय."

"सर्व्हिसेसच्या यादीत?"

बाईंनी माउस सोडला. पण वर्गात सापडलेल्या विद्यार्थ्यासारखे तोंड पाडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "ही म्हणे तुमचं सगळं आधीच काढून ठेवते. म्हटलं, बंद केली तर तुमचा कॉम्प्युटर जरा रखडेल."

"रखडून काय मिळणार होतं तुला?"

"ते राहू द्या. तुम्ही रोज चालू कशाला करत होता?"

"डिस्कला कामाला लावते म्हणून." नकाशेवाल्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "म्हटलं, जरा रखडेल."

बाईंचे खांदे हलू लागले. मग खुर्ची हलू लागली. "अहो, दोन बलं, सारखी आणि विरुद्ध! बेरीज शून्य! आपण माझ्या वर्गात असतो तर दोघांनाही बाहेर उभं केलं असतं!"

"एकत्र उभं केलं असतंस तर चाललं असतं," नकाशेवाले म्हणाले आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकले.

संध्याकाळी लेकीला सगळे सांगावे लागले. ती फोनवर धाप लागेपर्यंत हसली. "तुमच्या कामाला ती सर्व्हिस चालू काय नि बंद काय, फरक कळायचासुद्धा नाही. पण चहा करायला कॉम्प्युटर कशाला लागतो?"

"रेंज जातेय," दोघांनी एकदम सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशेवाल्यांनी बटण दाबले. पडदा लख्ख उजळला. त्याच्याकडे पाठ करून ते स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर पातेल्यात पाणी मोजून ठेवलेले होते, शेजारी साखर आणि दोन कप. बाई शब्दकोड्यात पार बुडालेल्या.

"झाला सुरू?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"कुठला! रखडलाय," नकाशेवाले गॅस पेटवत म्हणाले.

"बराच वेळ घेईल?"

"आज दोन कप तरी घेईल."

"घेऊ दे बिचाऱ्याला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शब्दकोडे मुद्दाम टेबलाच्या मध्यावर सरकवले.